हजेरीपटावर नसलेली मजूर

धाराशिव जिल्ह्यातील सर्व सहकारी व खाजगी साखर कारखान्यांच्या माननीय अध्यक्षांस आणि संचालक मंडळांस,



कारखान्यांचे पट्टे पडले आहेत, टोळ्या आपापल्या वाड्यातांड्यांवर परतल्या आहेत, आणि पुढील हंगामाच्या तोडणी-वाहतुकीचे करारमदार करण्याची लगबग आपल्या शेतकी खात्यांत सुरू होण्यास अजून थोडा अवकाश आहे. कामाच्या रेट्यातून बाजूला होऊन आपल्याच कारभाराकडे निवांतपणे पाहता यावे असा हा मधला काळ असल्यामुळे हे अनावृत पत्र मी मुद्दाम आताच लिहीत आहे. मी जिल्ह्यातील एका कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद आहे. म्हणजे ज्या व्यवहाराविषयी मला लिहावयाचे आहे त्या व्यवहाराचा मी लाभार्थी आहे, आणि त्या नात्यानेच मला हे लिहिण्याचा अधिकार पोहोचतो असे मी मानतो. पत्र खाजगीरीत्या एकेका अध्यक्षांकडे न पाठविता जाहीर रीतीने लिहिण्याचे कारण असे की, प्रश्न कोणा एका कारखान्याचा नाही. तो ढोकीपासून मुरूमपर्यंत आणि रांजणीपासून नळदुर्गापर्यंत, जेथे जेथे गव्हाणीत मोळी पडते तेथे तेथे सारखाच आहे.

अलीकडे कार्यालयांतून, बँकांतून आणि कंपन्यांतून सर्वसमावेशकतेविषयी पुष्कळ बोलले जाते. स्त्रिया, दिव्यांग, मागास समाजांतील तरुण यांना नोकरीत व निर्णयात स्थान मिळावे, वरिष्ठांनी आपले पूर्वग्रह ओळखावेत, म्हणून शिबिरे भरविली जातात, व्याख्याने होतात, परिपत्रके निघतात. या सर्वांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु हे प्रबोधन बहुधा माणसाच्या मनाला उद्देशून असते, आणि मन बदलल्यावर कारभार आपोआप बदलेल अशी त्यामागे श्रद्धा असते. माझे म्हणणे असे आहे की आपल्या मुलखात पूर्वग्रहाचे खरे ठाणे दप्तरात आहे. वहीच्या ज्या रकान्यात एकच नाव मावते, करारनाम्याच्या ज्या ओळीवर एकच अंगठा उमटतो, पावतीच्या ज्या कोपऱ्यात दोघांच्या श्रमाचा मोबदला एकाच्या नावे लिहिला जातो, तेथे तो पिढ्यान्पिढ्या सुखाने नांदतो. आणि दप्तर ज्याच्या सहीने चालते, त्याचे अंतःकरण कितीही निर्मळ असले तरी तो पूर्वग्रह त्याच्याच सहीने रोज नव्याने मंजूर होत असतो. दप्तराबाहेर राहणे म्हणजे काय हे या जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या अमदानीत होतो. सरकारी दप्तर उर्दूत होते. आपल्या जमिनीवर कोणाचे नाव चढले आणि कोणाचे उतरले हे आपल्या आजोबापणजोबांपैकी बहुतेकांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नसे, आणि त्या अगतिकतेच्या कथा आपल्या घराघरांतून अजून सांगितल्या जातात.

गेल्या हंगामात माझ्या शेतात टोळी उतरली, तेव्हा फडाच्या कडेला उभा राहून मी जे पाहिले ते, आपणही मूळचे शेतकरीच असल्यामुळे, आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेले आहे. पुरुष बुडख्याशी वाकून ऊस तोडीत पुढे सरकत होता. त्याच्या मागोमाग त्याची बायको पाचट सोलीत, वाढे छाटून वेगळे काढीत आणि मोळ्या बांधीत चालली होती. आणि दुपारी ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच मोळ्या एकेक करून डोक्यावर घेत, ट्रॉलीला टेकविलेल्या अरुंद फळीवरून, एक हात मोळीला आणि दुसरा तोलाला लावून ती वर चढत होती. तत्पूर्वी पहाटे तीनला उठून तिने कोपीत दोन्ही वेळच्या भाकरी भाजल्या होत्या, आणि तिचे लहानगे मूल पाचटाच्या ढिगावर, जुन्या लुगड्याच्या झोळीच्या सावलीत झोपले होते. ट्रॉली भरल्यावर चिटबॉय आला. त्याने स्लिपवर माझे नाव, गट नंबर, उसाची जात, वाहनाचा क्रमांक आणि मुकादमाचे नाव अशी सर्व नोंद अत्यंत काळजीपूर्वक केली. टोळीतील माणसांची नोंद कोठे असते असे मी विचारले, तेव्हा मुकादमाने खिशातून एक लहान वही काढून माझ्यापुढे धरली. वहीत ओळीने कोयते लिहिले होते, प्रत्येक कोयत्यापुढे उचलीची रक्कम होती, आणि प्रत्येक ओळीवर एका पुरुषाचे नाव होते. त्या ट्रॉलीवर चढणाऱ्या बाईचे नाव काय, असे मी विचारता मुकादमाने ओळीवर बोट ठेवून म्हटले, "ह्याची बाई." तो उद्धटपणाने बोलला नव्हता, त्याच्या व्यवहाराला त्याहून अधिक माहितीची कधी गरजच पडलेली नव्हती.

या व्यवहारात पती आणि पत्नी मिळून एक कोयता होतो हे आपण जाणताच. एकटा पुरुष असला तर तो अर्धा कोयता, आणि एकटी स्त्री, मग ती विधवा असो वा परित्यक्ता, बहुतेक टोळ्यांत धरलीच जात नाही, किंवा एखाद्या नातेवाइकाच्या ओळीत दडवून घेतली जाते. उचल कोयत्याला मिळते, ती पुरुषाच्या हाती पडते. तिच्या फेडीची जबाबदारी मात्र दोघांच्या शरीरावर असते, आणि हंगामाअखेर बाकी राहिली तर पुढच्या वर्षी पुन्हा दोघांनाच यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ होऊन टनामागे २७३ रुपयांचे सुमारे ३६६ रुपये झाले आणि मुकादमाचे कमिशन वीस टक्क्यांवर गेले, तेव्हा त्या वाटाघाटींचे स्वागत मीही केले. परंतु त्या ३६६ रुपयांतील निम्मे कोणाचे, हा प्रश्न त्या बैठकीत जसा निघाला नाही तसा तो त्यापूर्वीच्या कोणत्याही करारात निघालेला नव्हता. जोडीवाचून उचल नाही असा नियम अलिखितपणे चालू राहिल्यामुळे, मुलगा कर्ता झाला की त्याचा कोयता पूर्ण करण्यासाठी त्याचे लग्न उरकले जाते, आणि त्या घाईत नववीदहावीतील मुलींची शाळा सुटते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही शिक्षकाला विचारावी. बालविवाहाविरुद्ध पोलिसांनी आणि बालकल्याण समितीने लढावयाचे, आणि बालविवाहाला अर्थशास्त्र पुरविणारा करारनामा मात्र आपल्या शेतकी खात्यात मुकाट्याने टाचला जावयाचा, ही विसंगती सुजाण कारभाऱ्यांना शोभणारी नाही.

आता खाड्याविषयी लिहिणे भाग आहे. कोयत्यातील एक जण कामावर आला नाही तर पूर्ण कोयत्याचा खाडा धरावयाचा आणि दंड उचलीत मिळवावयाचा, ही रीत मराठवाड्यात सर्वत्र होती व पुष्कळ ठिकाणी आहे. या रीतीचा परिणाम स्त्रीच्या देहावर कोणत्या थराला जातो, ते शेजारच्या बीड जिल्ह्याने २०१९ साली महाराष्ट्राला दाखविले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली तीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरांत सुमारे सतरा, तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरचे प्रमाण शंभरांत तीनच्या आसपास होते. यात डॉक्टरांचा लोभ होता, अज्ञान होते, सरकारी दवाखान्यांची दुरवस्था होती, हे सर्व खरे. तथापि ज्या स्त्रीला पाळीच्या दिवसांत न्हाणीघर नाही, दुखण्यात रजा नाही, बाळंतपणात खाडा माफ नाही, आणि जिच्या खाड्याचा दंड नवऱ्याच्या उचलीत मिळविला जातो, तिला आपले गर्भाशय हे ओझे वाटू लागले तर त्या वाटण्याचे मूळ दवाखान्याच्या अलीकडे, फडातच शोधले पाहिजे. मी हे आकडे बीडचे देत आहे म्हणून धाराशिवकरांनी निश्चिंत व्हावे असे नाही. सीमा महसुलाच्या असतात. टोळ्या तीच माणसे घेऊन त्याच पद्धतीने इकडेही येतात, आणि भूम, परांडा, वाशी, कळंब या आपल्या तालुक्यांतून त्याच पद्धतीने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात.

श्रमिक स्त्रीच्या बाळंतपणाचा भार कोणी उचलावा, हा वाद या महाराष्ट्रात पूर्वी एकदा विधिमंडळात झालेला आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतील स्त्रियांना प्रसूतीच्या काळात सवलत देण्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला निःसंदिग्ध पाठिंबा दिला. आईला प्रसूतीपूर्वी व नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि तिच्या श्रमाचा लाभ ज्याला होतो त्या मालकानेही या विश्रांतीच्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढल्याच वर्षी कायदा झाला. गिरणीतील स्त्रीला जे १९२९ साली मिळाले ते उसाच्या फडातील स्त्रीला आज शंभरीच्या उंबरठ्यावरही मिळत नाही. गिरणीत तिचे नाव मस्टरवर होते. फडात ते कोठेच नाही. कायद्याची सवलत मागण्यासाठी आधी कोणीतरी असावे लागते, आणि आपल्या दप्तराच्या दृष्टीने ही स्त्री कोणीच नाही.

यावर आपल्याकडून जी उत्तरे येतात ती मला माहीत आहेत, कारण वार्षिक सभांच्या मंडपात ती मी ऐकली आहेत. पहिले उत्तर असे की, कारखान्याचा करार ठेकेदाराशी आणि ठेकेदाराचा मुकादमाशी असतो, मजुरांशी आमचा थेट संबंध नाही. व्यवहारापुरते हे बरोबर आहे. कायद्यापुरते ते पुरेसे नाही. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कर्मचारी कोणाला म्हणावे याची जी व्याख्या केली आहे, तीत कंत्राटदाराच्या किंवा मध्यस्थाच्या मार्फत लावलेली व्यक्तीही येते, मूळ मालकाला तिची माहिती असो वा नसो. याचा सरळ अर्थ असा की, दहा वा अधिक माणसे कामावर असलेल्या आपल्या कारखान्याने अंतर्गत समिती नेमली असेल, तिचा फलक मुख्य कार्यालयाच्या भिंतीवर लागलाही असेल, तरी रात्री दोनला भरणीसाठी उठविलेल्या, अनोळखी रानात कोपीच्या कुडाआड झोपणाऱ्या बाईला त्या समितीचे दार ठाऊक नाही तोवर समितीचे कर्तव्य पुरे झालेले नाही. फडापर्यंत न पोहोचणारी समिती केवळ तपासणीच्या कामाची.

दुसरे उत्तर असे की, बायकाच आपले नाव लावून घेऊ इच्छीत नाहीत, पैसा घरातच जातो, मग दोन ठिकाणी लिहून काय साधणार. या उत्तरात थोडे तथ्य आहे आणि पुष्कळ सोय आहे. जिला कधी विचारलेच नाही तिच्या अनिच्छेचा दाखला देणे न्यायाला धरून नाही. माझ्या फडातील त्या बाईला मी तिचे नाव विचारले तेव्हा तिने ते बापाच्या आणि गावाच्या नावासह स्पष्ट सांगितले, आणि आपल्या उचलीचा नेमका आकडा किती हे तिलाही जाणून घ्यावयाचे आहे असेही सांगितले. बँकेत खाते नाही ही जुनी सबब तर आता उरलेलीच नाही. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे पैसे याच स्त्रियांच्या स्वतःच्या खात्यांत दरमहा जमा होतात. शासनाला जे खाते सापडले ते कारखान्याला सापडू नये असे काही नाही. ऊसतोड कामगारांना ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याचा निर्णयही २०२१ साली झाला आहे, आणि गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या कल्याण महामंडळासाठी आपण टनामागे दहा रुपये भरता. ज्या कामगाराच्या कल्याणासाठी आपण पैसे भरता त्याची पूर्ण यादी आपल्याजवळ असू नये, हे हिशेबी माणसाला तरी खटकावे.

परंतु सर्वांत वजनदार वाटणारे उत्तर तिसरे आहे, आणि त्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. ते उत्तर असे की, समाजाची मानसिकता तयार नाही. बाईला पुढे केले तर टोळी मोडेल, मुकादम येणार नाही, गाळप बसेल. समाजाची मानसिकता या शब्दांत फार मोठी शक्ती आहे. त्यांच्या आड उभा राहिलेला अधिकारी स्वतः पूर्वग्रहदूषित नसतो, तो केवळ इतरांच्या पूर्वग्रहाचा प्रामाणिक वाहक असतो. पण या जिल्ह्यापुरते तरी हे उत्तर खोटे ठरलेले आहे, आणि ते कसे ठरले ते आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, आपल्या सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव या गावांसह, दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरची माळवदाची जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो माणसे गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम निघाला. बावन्न गावे नव्या जागी वसविण्याचे ठरले, आणि उरलेल्या, संख्येने कितीतरी अधिक गावांतील तडे गेलेली घरे मूळ जागीच दुरुस्त व मजबूत करून घेण्याचे ठरले. हे दुसरे काम फार अवघड होते, कारण तेथे कंत्राटदाराने घर बांधून किल्ली द्यावयाची नव्हती. हप्त्याहप्त्याने मिळणारा पैसा, सिमेंट आणि लोखंड घेऊन प्रत्येक कुटुंबाने आपले घर आपण सुधारावयाचे होते, आणि भिंतीला मधूनमधून आरपार बंधनाचे दगड का घालावयाचे, दारखिडक्यांच्या वरून काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवर सलग का फिरवावयाचा, माळवदावरील मातीचा भार का कमी करावयाचा, हे लाखाहून अधिक घरांना पटवून द्यावयाचे होते. इंजिनिअर गावात येई, पारावर पुरुषांशी बोले आणि जाई. घरात दिवसभर वावरणारी, भिंतीची ओल आणि भेग दोन्ही ओळखणारी बाई त्या बोलण्यात नव्हती.

प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांच्या कार्यातून पुढे स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था उभी राहिली, शासनाला असे सुचविले की गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांनाच या कामात अधिकृत स्थान द्यावे; आणि शासनाने ते मानले. हजाराहून अधिक गावांत स्त्रियांची संवाद सहायक म्हणून नेमणूक झाली. नेमणूक या शब्दावर माझा भर आहे. तत्पूर्वी कोणी गावकऱ्यांचे मनपरिवर्तन करीत बसले नव्हते. ज्या स्त्रिया ग्रामपंचायतीच्या कचेरीची पायरी चढत नसत त्यांना शासनाच्या दप्तरात एक हुद्दा मिळाला, त्या हुद्द्याबरोबर प्रशिक्षण मिळाले, आणि त्या हुद्द्याच्या बळावर त्या घरोघर जाऊन काम पाहू लागल्या, हप्ता कोठे अडला हे तहसिलीत विचारू लागल्या, पट्टा नीट पडला नाही तर गवंड्याला तो पुन्हा घालावयास सांगू लागल्या. प्रारंभी हसणारे पुरुष पुढे आपल्या घराचे काम पाहण्यासाठी त्यांनाच बोलावू लागले, कारण प्रश्न आपल्या पोराबाळांच्या डोक्यावरील छपराचा होता आणि त्याची माहिती या बायकांना होती. मानसिकता आधी आणि हुद्दा मागून, असा क्रम तेथे नव्हता.

पुढचा इतिहास आपणांस माहीत आहे. २००१ साली कच्छात भूकंप झाला तेव्हा याच दोन जिल्ह्यांतील स्त्रिया तिकडच्या स्त्रियांना अनुभव सांगावयास गेल्या. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनीच घराच्या जमिनीतील एक एकर स्वतःसाठी मागून घेतला आणि त्यात उसाऐवजी कमी पाण्याची धान्ये, कडधान्ये व भाजीपाला घेतला. त्या कामासाठी २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे किंवा हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांची नावे आज जिल्ह्याबाहेर आदराने घेतली जातात. या स्त्रियांत जन्मतः काही अलौकिक होते असे मानून मोकळे होण्याचा मोह होतो, आणि त्या मोहाने आपण त्यांचे सत्कारही करतो. माझी नम्र सूचना अशी की, सत्काराऐवजी त्या घटनेची कार्यपद्धती आपण उचलावी. आपल्या टोळ्यांतही अशा स्त्रिया आहेत, आणि स्त्रीने मुकादमी करू नये, स्लिपा लिहू नयेत, वजनकाट्यावर बसू नये, असा कोणताही नियम आपल्या पोटनियमांत नाही.

छत्रपती शाहू महाराजांचे उदाहरण येथे सहज आठवते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी करवीर संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, तेव्हा त्यांच्या दरबारातील पुष्कळांच्या मनाची तयारी नव्हती, आणि ती होईपर्यंत ते थांबले असते तर तो हुकूम निघालाच नसता. त्यांनी हुकूम काढला, आणि अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहाही घेतला. हुकूम दप्तरासाठी होता, आणि चहा लोकांच्या डोळ्यांसाठी. संस्थेच्या प्रमुखाला ही दोन्ही कामे करावी लागतात, आणि ती दुसऱ्याकडून करवून घेता येत नाहीत.

याच अनुषंगाने संचालक मंडळाच्या खोलीत थोडा वेळ डोकावणे अप्रस्तुत होणार नाही. सहकारी कायद्याने मंडळावर दोन जागा स्त्रियांसाठी, आणि एकेक जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी राखलेली आहे. या जागांवर निवडून आलेल्यांना आपल्या सभांत कितीदा बोलू दिले जाते, आणि संचालिकेच्या सहीसाठी वही घरी पाठवून तिच्या यजमानांना खुर्ची दिली जाते काय, हे आपले आपण तपासावे; कामाचे इतिवृत्त आपल्याजवळच आहे. पारधी समाजाविषयीही एक शब्द. १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरविलेल्या जमाती १९५२ साली त्या कायद्यातून सुटल्या. आपल्याच तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला गिरीश प्रभुणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पारध्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली आणि त्या शाळेतून शिकलेली पिढी आता नोकरीच्या वयाची झाली आहे. कारखान्याच्या कायम नोकरांत, विशेषतः गोदाम, रोखपाल आणि पहारा या विश्वासाच्या जागांवर, त्या समाजातील किती माणसे आहेत, हा प्रश्न आपण आपल्या कामगार अधिकाऱ्यास लेखी विचारावा आणि उत्तर मंडळापुढे वाचून दाखवावे.

माझी मुख्य मागणी मात्र फडाची आहे, आणि ती अवघड नाही. येत्या हंगामाच्या करारनाम्याला जोडावयाच्या यादीत कोयत्याच्या एका ओळीऐवजी दोन ओळी असाव्यात: पुरुषाचे नाव, वय, आधार व खाते एका ओळीत, आणि स्त्रीचे दुसऱ्या. उचल देताना तिचीही सही वा अंगठा घ्यावा आणि रक्कम तिला वाचून दाखवावी. तोडणीचे बिल दोन समान भागांत दोन खात्यांवर जावे. एकट्या स्त्रीला स्वतःच्या नावाने टोळीत येता यावे, आणि अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलीचे नाव, मग तिचे लग्न झालेले असो वा नसो, यादीत आले तर ती यादी आपल्या शेतकी अधिकाऱ्याने परत करावी. दुखण्याचा, पाळीचा व बाळंतपणाचा खाडा दंडाविना धरावा. या एकेका कलमावर मुकादम कुरकुर करतील यात शंका नाही. पण सर्व कारखान्यांनी एकाच हंगामात, एकाच नमुन्याचा करार वापरला तर कोणाही मुकादमाला टोळी घेऊन शेजारच्या कारखान्याकडे जाण्याचा धाक घालता येणार नाही, आणि म्हणूनच हे पत्र मी सर्वांस मिळून लिहिले आहे. गाळपावर याचा विपरीत परिणाम होईल ही भीती मला निराधार वाटते. उलट आपली बाकी किती आणि येणे किती हे ज्या जोडीतील दोघांनाही ठाऊक आहे, ती जोडी हंगाम अर्धा टाकून रातोरात निघून जाण्याचा संभव कमी आहे, असा माझा शेतकरी म्हणून अनुभव आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होईल. माझ्या कारखान्यापुरता, वर लिहिलेल्या दोन ओळींच्या यादीचा व दोन खात्यांच्या बिलाचा ठराव सूचक म्हणून माझ्या सहीने मी कार्यालयात दाखल करीत आहे; अनुमोदक म्हणून एका महिला सभासदांची सही त्यावर आहे. इतर कारखान्यांच्या सभासदांना हाच ठराव आपापल्या सभेत मांडावयाचा असल्यास मसुदा मागवून घ्यावा. तो एका पानाचा आहे. विषयपत्रिकेवर तो आयत्या वेळच्या विषयांत शेवटी न ठेवता, तोडणी-वाहतूक धोरणाच्या विषयाखाली, म्हणजे जेव्हा मंडप भरलेला असतो तेव्हा, चर्चेला घ्यावा आणि बाजूने व विरुद्ध पडलेली मते इतिवृत्तात नोंदवावीत, एवढी विनंती आहे.



आपला नम्र,
एक ऊस उत्पादक सभासद
तालुका कळंब, जिल्हा धाराशिव